मधुमेह-रक्तदाबाच्या रुग्णांचा पाठपुरावा : तालुक्याच्या रुग्णालयाने कोणती प्रणाली घ्यावी आणि तिच्याकडून काय करून घ्यावं?

वारणाकाठ

नमस्कार. तालुक्याच्या गावी ३० खाटांचं धर्मादाय रुग्णालय आहे. पूर्णवेळ फिजिशियन एक, लॅब आणि औषध दुकान स्वतःचं, दर गुरुवारी नेत्रतज्ज्ञ येतात, आणि २२ गावांत मानधनावरच्या आरोग्यसेविका आहेत. मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा दोन्ही असलेले साधारण १,८०० रुग्ण. त्यातले मधुमेहाचे हजारेक. सध्या केसपेपर, लॅबचं एक सॉफ्टवेअर, दुकानाचं बिलिंग आणि सेविकांच्या वह्या अशा चार ठिकाणी नोंदी होतात आणि एकीचा दुसरीशी मेळ नाही. विश्वस्तांपुढे तीन कोटेशनं आहेत. तिन्ही विक्रेते 'आभा (केंद्राच्या डिजिटल आरोग्य मिशनमधलं रुग्णाचं खातं) जोडून देतो, एआय डॅशबोर्ड देतो' म्हणतात. नेमकी कोणती माहिती साठवावी, गाव-रुग्णालय-शहरातले तज्ज्ञ ही साखळी कशी जोडावी, आभाचा इथे उपयोग किती, आणि अशी कामं कुठे फसतात, हे जाणकारांनी तपशिलात लिहावं ही विनंती.

केसपेपर

कोटेशनं बाजूला ठेवा आणि तिघांनाही डेमोत एकच काम सांगा: 'गेल्या आठवड्यात यायला हवे होते आणि आले नाहीत, असे रुग्ण गाववार दाखवा. प्रत्येकापुढे फोन, शेवटचा रक्तदाब, शेवटची साखर आणि किती दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या ते हवं.' रिसेप्शनच्या साध्या लॉगिनमधून जो हे दाखवेल त्याच्याशीच पुढचं बोला.

रुग्णालयांची बहुतेक सॉफ्टवेअर केसपेपर काढण्यापासून बिल होईपर्यंतच्या कामासाठी बांधलेली असतात. जो आला त्याची नोंद होते. दीर्घ आजारात घात होतो तो न आलेल्याचा, आणि तो ओपीडीच्या कुठल्याच रजिस्टरात दिसत नाही. म्हणून पहिली गरज आहे ती आजारवार पटाची: हे आपले १,८०० लोक, यातला प्रत्येक जण आज कुठे आहे, आणि त्याला कोण विचारणार आहे.

देशातलं जवळचं उदाहरण म्हणजे नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेला इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह हा उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम. पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. त्यात वापरलेल्या 'सिंपल' ॲपची रचना पाहा. रुग्णाच्या हातात क्यूआर असलेलं कार्ड. ते स्कॅन केलं की नाव उघडतं. रक्तदाब, गोळ्या आणि पुढची तारीख टाकली की काम संपतं. सोबत 'मुदत उलटलेले' अशी यादी, आणि फोन केल्यावर काय झालं ते नोंदवायची सोय. एवढ्याच गोष्टी आहेत, पण रोजच्या रोज होणाऱ्या.

तुमच्याकडे मधुमेहही आहे म्हणून थोडं वाढवावं लागेल. प्रत्येक भेटीला: रक्तदाब (दोनदा मोजलेला, दुसरा आकडा धरायचा), वजन, साखर आणि ती उपाशीपोटी की जेवणानंतर की कधीही घेतलेली, चालू औषधं डोससकट, पुढची तारीख. एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ताब्यात नसेल किंवा औषध बदललं असेल तर दर ३ महिन्यांनी, स्थिर असेल तर ६ महिन्यांनी. वर्षातून एकदा किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, लिपिड (रक्तातली चरबी), पायाची तपासणी, डोळ्याच्या पडद्याची तपासणी. तंबाखू हो की नाही. बास. याच्या पलीकडचं फॉर्मवर आलं की भरणाऱ्याचा हात थांबतो. तुमच्या ओपीडीत दिवसाला ९० फॉलोअप असतील आणि प्रत्येकी २ मिनिटं जास्त लागली, तर रोजचे ३ तास गेले. डेमोच्या वेळी घड्याळ लावून बसा. जुन्या रुग्णाची नोंद १ मिनिटाच्या आत झाली पाहिजे.

ज्ञानदा_क

केसपेपर यांच्याशी पूर्ण सहमत. मी ओळखीबद्दल लिहिते, कारण पट तिथेच बिघडतो.

एकच बाई 'सुनंदा', 'सुनिंदा', 'सुनंदाबाई' अशी तीनदा नोंदली जाते. मोबाइल नंबर घरात एकच, तोही मुलाचा. जन्मतारखेवर तर अजिबात विसंबू नका: पन्नाशीपुढच्या बऱ्याच लोकांच्या आधारवर १ जानेवारी किंवा शाळेच्या दाखल्यावरून आलेली १ जून असते. त्यामुळे 'नाव + जन्मतारीख जुळली म्हणजे तोच माणूस' हा नियम लावला की एकाच गावातल्या दोन जणींचे कागद एकत्र होतात. दोन नोंदी वेगळ्या राहिल्या तर फॉलोअप हुकतो. दोन माणसं एक झाली तर चुकीचं औषध जातं. म्हणून संगणकाने आपणहून नोंदी एकत्र करता कामा नयेत. त्याने फक्त संशयित जोड्यांची यादी द्यावी, आणि गाव, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव आणि जुना केसपेपर बघून माणसाने ठरवावं. आणि एकत्र केलेलं पुन्हा सोडवता आलं पाहिजे. विक्रेत्याला हे करून दाखवायला सांगा, बहुतेक तिथेच अडतात.

तुमचा स्वतःचा क्रमांक क्यूआर स्टिकरवर छापून केसपेपरवर आणि रुग्णाच्या कार्डावर चिकटवा. लॅबच्या नळीवर आणि दुकानाच्या बिलावर तोच. चार प्रणाली एकमेकींशी बोलायला लागतील ते या एका क्रमांकामुळे. १४ अंकी आभा क्रमांक त्याच्या शेजारी साठवा, त्याच्या जागी नको: काहींकडे आभा नसेल, काहींनी चुकून दोन काढलेले असतील, आणि आभा नाही म्हणून उपचार थांबवता येत नाहीत.

सेविकांच्या हातातल्या ॲपबद्दल. ते बिनाइंटरनेट चाललं पाहिजे, हे सगळेच विक्रेते कबूल करतात. पुढचा प्रश्न विचारा: दोन फोनवर एकाच रुग्णाची नोंद बदलली आणि दोन्ही संध्याकाळी सर्व्हरवर चढली, तर कोणती राहते? 'शेवटची' हे उत्तर धोक्याचं आहे. सेविकेने सकाळी गावात नवा पत्ता टाकला, डॉक्टरांनी दुपारी डोस बदलला, आणि सेविकेचा फोन रात्री जोडला गेला की जुना डोस परत येतो. रक्तदाब, साखर, दिलेल्या गोळ्या या सगळ्या नोंदी एकावर एक साठत जाव्यात, जुनी पुसली जाऊ नये. औषधांची चालू यादी फक्त डॉक्टरांच्या लॉगिनमधून बदलावी. वेळ फोनच्या घड्याळाची आणि सर्व्हरची, दोन्ही ठेवा. स्वस्त फोनची बॅटरी पूर्ण उतरली की तारीख मागे जाऊ शकते.

मुक्तस्रोत (कोड सगळ्यांना खुला असलेला) पर्याय हवा असेल तर बाहमनी ही रुग्णालय-प्रणाली पाहा. छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग रुग्णालयासाठी ती बांधली गेली, म्हणजे मूळ गरज तुमच्यासारखीच. नोंदींना ओपनएमआरएस, लॅबला ओपनएलिस, दुकान-बिलाला ओडू असे तीन भाग जोडलेले आहेत. फुकट म्हणून बिनखर्चाची नव्हे. चालवायला जाणता माणूस लागतोच.

औषधपेटी

औषधांच्या यादीबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. यादीत ब्रँडचं नाव साठवू नका. मूळ औषध आणि मिलिग्रॅम साठवा, ब्रँड शेजारी दिसू दे.

शहरातल्या रुग्णालयातून रुग्ण डिस्चार्ज कार्ड घेऊन येतो. त्यावर टेल्मिसार्टन ४० अधिक ॲम्लोडिपिन ५ अशी रक्तदाबाची एकत्रित गोळी, ब्रँडच्या नावाने लिहिलेली. घरी तुमच्या दुकानातली सुटी ॲम्लोडिपिन ५ आहेच. तो दोन्ही घेतो. आठ दिवसांनी पायाला सूज, चक्कर. साखर उतरवणाऱ्या ग्लिमेपिराइडचं असंच झालं तर वृद्ध माणूस पहाटे बेशुद्ध सापडतो. एकत्रित गोळी संगणकात आपोआप तिच्या घटकांत फोडली गेली, तर 'ॲम्लोडिपिन दोनदा' हा इशारा देता येतो. त्यासाठी औषधांची मूळ यादी आधी नीट बनवावी लागते. तुमच्या दुकानातल्या दीर्घ आजारांच्या औषधांची ही यादी ७०-८० ओळींच्या पुढे जाणार नाही. फार्मासिस्ट आणि डॉक्टर दोन दुपारी बसले की होते. विक्रेत्याची हजारो ब्रँडची तयार यादी घेऊन तिच्यात शोधत बसण्यापेक्षा हे बरं.

इन्सुलिन वेगळं हाताळा. आपल्याकडे कुपी बहुधा ४० युनिट प्रति मिलीची आणि पेनचं काडतूस १०० युनिट प्रति मिलीचं असतं. ४० च्या सिरिंजला लाल टोपी, १०० च्या सिरिंजला नारिंगी. १०० युनिटचं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने घेतलं तर अडीचपट डोस जातो. म्हणून डोस फक्त युनिटमध्ये लिहावा, मिलीची चौकटच ठेवू नये. 'कुपी की पेन' आणि 'कोणती सिरिंज दिली' हे दोन रकाने सक्तीचे करा.

दुकानाचा साठा आणि पट जोडलेला हवा. हिशोब साधा आहे: समजा १,१०० जण ॲम्लोडिपिन ५ ची रोज एक गोळी घेतात. महिन्याला ३३,०००, तिमाहीला ९९,०००, वर एक महिन्याची राखीव धरून १,३२,०००. मागणी गेल्या महिन्याच्या खपावरून काढू नका. गेल्या महिन्यात गोळ्या संपल्या होत्या म्हणून खप कमी दिसत असेल, तर मागणीही कमी जाते आणि टंचाई कायमची होते. पटावरून मागणी काढली की हे चक्र तुटतं. गोळी नाही म्हणून परत गेलेला रुग्ण पुढच्या महिन्यात येत नाही. मग फोन करून उपयोग काय?

वारणाकाठ

फार उपयुक्त. गावातल्या सेविकेने नक्की काय करायचं, यावर कुणी लिहील का? आत्ता त्या महिन्यातून एकदा वही घेऊन येतात आणि आम्ही सही करतो.

उपकेंद्रताई

आधी एक. तुमच्या पटावरचे बरेच लोक शासनाच्या असंसर्गजन्य आजारांच्या पोर्टलवरही असणार, कारण आशा ३० वर्षांवरच्या सगळ्यांचा सीबॅक फॉर्म (आजाराची जोखीम जोखणारी प्रश्नावली) भरतात आणि ४ च्या वर गुण आलेल्यांना आधी तपासणीला पाठवतात. उपकेंद्राच्या सीएचओंशी (समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांशी) बसून गाववार यादी जुळवा. कोण कुठून गोळ्या घेतो हे दोघांनाही कळलं, की एकाच घरी दोन जणी जाण्याचं आणि तिसऱ्या घरी कुणीच न जाण्याचं थांबतं.

आता कामाचा क्रम. तारखेच्या आदल्या दिवशी निरोप. तारीख उलटून ३ दिवस झाले की रुग्णालयातून फोन. ७ व्या दिवशी तेच नाव सेविकेच्या फोनवर आलं पाहिजे. १४ दिवसांच्या आत घरभेट. यादीचा क्रम तारखेवरून लावू नका. शेवटचा रक्तदाब १८०/११० किंवा वर होता ते, इन्सुलिनवाले आणि किडनी बिघडलेले सगळ्यात वर, मग बाकीचे. एका सेविकेला एका दिवशी ८-१० पेक्षा जास्त नावं दिलीत तर ती यादी उघडणंच बंद होतं.

भेटीनंतर एक खूण करायची, लांबलचक टिपण नको: येणार आहे, गोळ्या दुसरीकडून घेतो, गाव सोडलं, बाहेरगावी आहे, बरं वाटतं म्हणून बंद केल्या, त्रास झाला म्हणून बंद केल्या, पैसे-गाडीची अडचण, वारले. शेवटच्या चारही खुणांवर पुढचं काम वेगळं आहे. 'त्रास झाला' ही डॉक्टरांच्या यादीत त्याच दिवशी गेली पाहिजे. 'वारले' टाकल्यावर निरोप ताबडतोब बंद झाले पाहिजेत; वारलेल्या माणसाला तपासणीला बोलावणारा मेसेज घरच्यांना गेला की ते घर पुन्हा दार उघडत नाही.

'बाहेरगावी आहे' याला आपल्याकडे फार मोठा अर्थ आहे. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या आसपास निघतात ती मार्च-एप्रिलला परततात. तुमच्या भागात ती बाहेरून येत असतील, किंवा तुमच्या गावांतून जात असतील. पटात 'हंगामी स्थलांतर' अशी खूण आणि निघायचा महिना ठेवा. निघण्याआधी महिनाभर त्यांची वेगळी यादी काढा, रक्तदाब-साखर तपासा, स्थिर असतील तर डॉक्टरांना विचारून तीन महिन्यांच्या गोळ्या द्या आणि कार्डावर औषधाचं मूळ नाव, मिलिग्रॅम, शेवटचे तीन आकडे हाताने लिहा. फडावर ना चार्जिंग ना आभा. कार्ड दाखवलं की कोणताही डॉक्टर पुढचं औषध देऊ शकतो. संगणक आला म्हणून कागदी कार्ड बंद करू नका, एवढं कळकळीने सांगते.

निरोपाचा मजकूर: आजाराचं नाव कधीही नको, फोन सून-मुलगा-शेजारी कुणाच्याही हातात असतो. देवनागरी एसएमएसमध्ये ७० अक्षरांना एक मेसेज धरतात, पुढे गेलं की दोनाचे पैसे. डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांच्या मेसेज-नोंदणीवर) मजकूर आधी मंजूर करून घ्यावा लागतो, नाहीतर मेसेज जातच नाहीत. वाचता न येणाऱ्यांसाठी ध्वनिमुद्रित फोन, गावातल्या ओळखीच्या आवाजातला.

लॅबवाला

लॅब जोडताना तीन ठिकाणी लक्ष द्या.

एकक. तुमचं क्रिएटिनिन मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असेल. बाहेरच्या एखाद्या रिपोर्टवर मायक्रोमोल प्रति लिटर असतं. ८८ हा आकडा पहिल्या एककाच्या चौकटीत बसला तर आलेखाचं आणि इशाऱ्यांचं वाटोळं होतं. प्रत्येक आकड्याबरोबर एकक साठवा आणि अशक्य आकडे दारातच अडवा. तपासण्यांना लॉइंकचे (तपासण्यांच्या आंतरराष्ट्रीय यादीचे) कोड लावून घ्या: एचबीए१सी ४५४८-४, क्रिएटिनिन २१६०-०, वरचा रक्तदाब ८४८०-६, खालचा ८४६२-४. आपल्या पटाला अशा वीसेक कोडांपलीकडे लागत नाहीत.

ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते याचा अंदाज. क्रिएटिनिन आलं की वय-लिंगावरून सीकेडी-ईपीआय २०२१ च्या सूत्राने संगणकाने काढून दाखवावं. १.४ हा आकडा रिपोर्टवर जेमतेम वर गेलेला दिसतो. ७० वर्षांच्या बाईचा ईजीएफआर तेव्हा ४० च्या आसपास असतो, आणि मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीचा डोस तपासायची वेळ झालेली असते.

एचबीए१सी. यावर डोळे झाकून विसंबू नका. लोहाच्या कमतरतेचा पांडुरोग असेल तर आकडा खोटा वर जातो. लाल पेशी लवकर फुटत असतील तर खोटा खाली येतो. सिकलसेलचे (लाल पेशींच्या आनुवंशिक आजाराचे) वाहक असतील तर काही पद्धतींची यंत्रं चुकीचा आकडा देतात. नंदुरबार, गडचिरोली या पट्ट्यांत तर हे कायम ध्यानात ठेवावं लागतं. तुमच्याकडेही तिकडून आलेले लोक असतीलच. पटात हिमोग्लोबिन आणि 'सिकलसेल तपासणी: नाही केली / नकारार्थी / वाहक / रुग्ण' हा रकाना ठेवा. एचबीए१सी आणि उपाशीपोटीची साखर यांचा मेळ बसत नसेल तर संगणकाने फक्त दोन्ही आकडे शेजारी दाखवावेत, निर्णय डॉक्टरांचा. अशा रुग्णांना 'ताब्यात आहे' म्हणून हिरव्या रंगात दाखवणारा डॅशबोर्ड घातक आहे.

केसपेपर

लॅबवाल्यांचा शेवटचा मुद्दा छापून भिंतीवर लावण्याजोगा आहे.

इशाऱ्यांबद्दल. विक्रेता शेकडो इशारे देऊ करेल. तुम्ही पाचच मागा: रक्तदाब १८०/११० किंवा वर, साखर ७० च्या खाली, ईजीएफआर ३० च्या खाली आणि यादीत मेटफॉर्मिन, एकच औषध दोनदा, किडनी बिघडलेल्याच्या यादीत डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं. जो इशारा दहांतल्या नऊ वेळा डॉक्टर बंद करतात तो काढून टाका. नाहीतर दहावाही बंद होतो, न वाचता.

आता रेफरल. चिठ्ठी दिली म्हणजे रेफर केलं, असं धरतात. तिथेच साखळी तुटते. प्रत्येक रेफरलला अवस्था हव्यात: पाठवलं, पोचला, तपासला, उत्तर आलं, आपल्या डॉक्टरांनी वाचलं आणि औषधांची यादी बदलली. शेवटची अवस्था येईपर्यंत नाव 'उघडे रेफरल' यादीत राहिलं पाहिजे, आणि त्या यादीची मालकी एका नावाच्या माणसाकडे हवी, 'स्टाफ'कडे नव्हे. सोमवारी ती यादी उघडायची. साध्या रेफरलला १४ दिवस, तातडीच्याला २४ तास. चिठ्ठीत काय हवं: नेमका प्रश्न ('ईजीएफआर वर्षात ५८ वरून ४१, लघवीत अल्ब्युमिन वाढलंय, पुढे काय?'), चालू औषधं, शेवटचे तीन आकडे तारखांसह, ॲलर्जी, आणि उत्तर कुठे पाठवायचं. सगळा केसपेपर स्कॅन करून पाठवू नका, तज्ज्ञांकडे वेळ नसतो आणि महत्त्वाचं पान विसाव्या क्रमांकावर असतं.

डोळ्यांचं तुमच्याकडे सोपं आहे. हजार मधुमेही, वर्षात पन्नासेक गुरुवार, म्हणजे गुरुवारी २० जण. यादी संगणकाने बुधवारी नव्हे, आठवडाभर आधी काढावी. पडद्याचा फोटो काढत असाल तर 'फोटो धूसर, वाचता आला नाही' हा वेगळा निकाल ठेवा. मोतीबिंदूवाल्यांचे फोटो असेच येतात. ते 'तपासणी झाली'मध्ये गेले की ज्याला सगळ्यात जास्त गरज तोच सुटतो.

लीड्सकर

इंग्लंडमध्ये जीपी (फॅमिली डॉक्टर) दवाखान्यांच्या नोंदींवर काम करतो, तिथला एक अनुभवसिद्ध भाग उपयोगी पडावा. एप्रिल २००४ पासून इथे जीपींना दीर्घ आजारांच्या काळजीच्या मोजमापावर मोबदला मिळतो. त्यामुळे प्रत्येक दवाखान्यात आजारवार पट आणि बोलावण्याची यंत्रणा पक्की झाली. पण टक्केवारीचा छेद कोणता, यावर सगळं अवलंबून असतं. काही रुग्णांना योग्य कारणाने मोजणीतून वगळायची सोय आहे. ते वगळलेले किती, हे टक्केवारीशेजारी छापलं नाही तर आकडा फसवा होतो.

तुमच्यासाठी: 'ताब्यात असलेले' मोजताना छेदात तिमाहीत आलेले रुग्ण घेऊ नका, पटावरचे सगळे घ्या. १,२०० आले आणि ९०० ताब्यात, म्हणजे ७५ टक्के दिसतात. पटावर १,८०० आहेत, म्हणजे खरे ५० टक्के. उरलेल्या ६०० चे दोन भाग वेगळे दाखवा: ३ महिन्यांत न आलेले, आणि वर्षभर न आलेले.

इथे बरेच दवाखाने वार्षिक तपासणी जन्ममहिन्यात ठेवतात. आधी रक्त-लघवी, पाय, वजन. आठवडा-दोन आठवड्यांनी निकाल हातात घेऊन नर्सशी बोलणं. एकाच भेटीत सगळं उरकायचा प्रयत्न केला की निकाल यायच्या आधी रुग्ण घरी गेलेला असतो.

ज्ञानदा_क

लीड्सकर, दोन टप्प्यांची भेट छान आहे. जन्ममहिना मात्र इथे चालणार नाही, वर लिहिलेल्या १ जानेवारी-१ जूनमुळे निम्मा गाव दोन महिन्यांत येईल. वारणाकाठ, तुम्ही गाववार महिने वाटून घ्या: २२ गावं, ११ महिने, महिन्याला २ गावं, एक महिना राहिलेल्यांसाठी. सेविकेलाही ते सोपं.

आता आभा. २७ सप्टेंबर २०२१ ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं. त्यात कागद जिथे बनला तिथेच राहतो. दुसऱ्या रुग्णालयाला हवा असेल तर रुग्णाची संमती मागायची. संमतीत कारण, कोणत्या प्रकारचे कागद, कोणत्या तारखांचे, किती दिवसांसाठी हे ठरलेलं असतं, आणि ती मागे घेता येते. रचना चांगली आहे. तुमच्या कामात ती अशी बसते:

केसपेपर खिडकीवर क्यूआर लावा. रुग्ण किंवा त्याचा मुलगा ॲपमधून स्कॅन करतो, नाव-वय-पत्ता न टाइपता येतो. स्पेलिंगच्या चुका इथेच कमी होतात. हा फायदा पहिल्या दिवसापासून आहे.

शहरातल्या रुग्णालयाचा डिस्चार्ज सारांश मागवता येतो, पण त्यांनी तो त्या रुग्णाच्या आभाशी जोडलेला असेल तर. जोडलेला असला तरी अनेकदा आतमध्ये निव्वळ पीडीएफ असते. डोळ्यांनी वाचता येते, पण क्रिएटिनिनचा आकडा तुमच्या पटात आपोआप उतरत नाही. तुमच्या बाजूने तरी एफएचआयआर या आरोग्यनोंदींच्या देवाणघेवाणीच्या मानकाच्या भारतीय नमुन्यांत (ते पुण्याच्या सी-डॅकमधल्या केंद्राने बनवलेत) आकडे आकड्यांच्या रूपात जावेत, अशी अट घाला.

संमतीचा निरोप किंवा ओटीपी ज्या फोनवर जातो तो फोन बऱ्याचदा पुण्या-मुंबईतल्या मुलाच्या खिशात असतो. रुग्ण समोर, ओटीपी चाकणला. नोंदणीच्या वेळीच विचारा की आभाशी कोणता नंबर जोडलाय आणि भेटीच्या दिवशी तो फोन जवळ असेल का.

सर्व्हर रुग्णालयातल्या टेबलाखाली ठेवू नका. दुसऱ्याने कागद मागितला तेव्हा तुमच्याकडे वीज नसेल तर मागणी वाया जाते.

आणि तुमचा रुग्ण काल शहरात भरती झाला, हे आपोआप कळेल यावर रोजचं काम बेतू नका. ते सेविकेच्या भेटीतूनच लवकर कळतं. त्यासाठी ॲपमध्ये 'भरती झाला/सुटी मिळाली' हे बटण द्या. सुटी मिळाल्यावर ७ दिवसांत डिस्चार्ज कार्ड आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन बोलवा.

उपकेंद्रताई

पट्ट्या पिशवीत घालून आणायला सांगा, रिकाम्यासुद्धा. औषधपेटी यांनी लिहिलेली दुहेरी गोळी तिथेच सापडते.

वारणाकाठ

आकडे खरे आहेत की बसल्या जागी भरलेत, हे कसं ओळखायचं? हा प्रश्न विचारायला अवघड वाटतो, पण विश्वस्तांनी तोच विचारला.

केसपेपर

रास्त प्रश्न आहे, आणि उत्तर आकड्यांतच असतं. डिजिटल यंत्राने मोजलेल्या वरच्या रक्तदाबाचा शेवटचा अंक ० ते ९ पैकी कोणताही येतो, प्रत्येक सुमारे १० टक्के. सेविकावार शेवटचा अंक काढा. एखाद्या गावात निम्म्या नोंदी शून्यावर संपत असतील, तर यंत्र वापरात नाही किंवा आकडा अंदाजाने लिहिला जातोय. दुसरी खूण: 'ताब्यात'च्या १४०/९० या सीमेच्या जरा खाली, १३८/८८ आणि १३६/८६ यांची गर्दी आणि १४० ते १४४ मध्ये शुकशुकाट. तिसरी: एका सेविकेच्या सगळ्या नोंदी रात्री ९ ला, दहा मिनिटांत.

हे दिसलं की रागावण्याआधी यंत्र बघा. सेल संपलेत का, पट्टा फाटलाय का. मोठ्या दंडाला साधा पट्टा (२२ ते ३२ सेंटीमीटर) लावला तर रक्तदाब खोटा वर येतो, लोक घाबरतात, म्हणून सेविका कमी लिहिते. प्रत्येकीला मोठा पट्टाही द्या आणि सहा महिन्यांनी यंत्र रुग्णालयातल्या यंत्राशी ताडून पाहा. ज्या दिवशी मानधन 'ताब्यात असलेल्यां'च्या संख्येला बांधाल, त्या दिवसापासून आकडे बिघडतील. मानधन भेटींना आणि पूर्ण नोंदींना बांधा.

ज्ञानदा_क

करारात घालायच्या ओळी, कोटेशनं परत पाठवण्याआधी:

सगळी माहिती दरमहा उघड्या स्वरूपात, रकान्यांच्या अर्थासकट, आपल्या ताब्यात मिळेल. आणि वर्षातून एकदा ती दुसऱ्या संगणकावर उभी करून दाखवली जाईल. बॅकअप आहे, एवढ्याने भागत नाही. तो उघडतो का ते पाहावं लागतं.

भूमिकेनुसार दिसणं: सेविकेला तिच्या गावाचेच रुग्ण आणि रक्तदाब-साखर-गोळ्या-तारीख एवढंच. एचआयव्ही, मानसिक आजार, गर्भपात या नोंदी तिच्या पडद्यावर येता कामा नयेत. कुणी कोणाची नोंद कधी उघडली याचा माग पुसता न येणारा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याखाली माहितीची जबाबदारी रुग्णालयाची राहते, विक्रेत्याकडे बोट दाखवून सुटका नाही. रुग्णांच्या याद्या व्हॉट्सॲप गटावर टाकणं आजपासून बंद करा, प्रणाली येईपर्यंत थांबू नका.

पैसे तीन हप्त्यांत: पट आणि न आलेल्यांची यादी चालू झाल्यावर पहिला, लॅब-दुकान जोडल्यावर दुसरा, आभा आणि रेफरल झाल्यावर तिसरा. डॅशबोर्ड याच्या कुठल्याही हप्त्यात नको.

वारणाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. जुन्या १,८०० केसपेपरांचं काय करायचं, सगळे टाइप करायचे?

केसपेपर

नाही. पहिल्या दोन आठवड्यांत फक्त नाव, गाव, फोन, आजार, शेवटच्या भेटीची तारीख एवढंच सगळ्यांचं भरा; दोन जणांना रोज दीडशे-दोनशे जमतात. त्याच दिवशी न आलेल्यांची पहिली यादी निघते. बाकीचं ज्या दिवशी रुग्ण समोर येईल त्या दिवशी: चालू औषधं, शेवटचे तीन रक्तदाब, शेवटचं एचबीए१सी आणि क्रिएटिनिन. मागची पाच वर्षं केसपेपरातच राहू द्या, आणि केसपेपर कपाटात कुठे आहे तो क्रमांक पटात लिहा.